मागच्या फरशीवरची मॅट

३ तारीख, सोमवार

लिहायला इतका उशीर केला, रागावू नकोस. जाताना तू वही हातात दिलीस आणि म्हणालीस, "अहो, जे काय कुरकुरायचं ते हिच्यात कुरकुरा, पोरीपुढे नको." तू तुझ्या बहिणीच्या उशाशी जाऊन बसलीस त्याला बरेच दिवस झाले आणि वही अजून कोरीच. पहिलं पान खराब होईल या भीतीनं पेन टेकवलंच नाही. माझी शाळा लवकर सुटली, अक्षर अजून तिथेच बसलंय. आज शेवटी मधलंच पान उघडून सुरुवात केली. पुढची पानं एखाद्या शहाण्या माणसासाठी राहू देत.

बातमी अशी, की व्यायामवाल्या बाईंनी आज आपल्या मुंगीच्या मनगटाची पट्टी काढली. हाड छान जुळलंय म्हणाल्या. आता चेंडू मारायला हरकत नाही, पण थोडे थोडे, आणि घाई करायची नाही. मी विचारलं, "बाई, परत मोडणार नाही ना?" त्या म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या काळजीनंच मोडेल एखादे वेळी." मुंगी हसली नाही. खिडकीबाहेर बघत होती.

तिला मुंगी म्हणायला मैदानावरच्या लोकांनी सुरुवात केली तेव्हा तू किती चिडली होतीस! पण खोटं काय होतं? पोरगी एवढीशी आणि पाठीवर गोल्फच्या काठ्यांची पिशवी तिच्याहून मोठी. आता पिशवी मोठी दिसत नाही. ती कोपऱ्यात उभी असते आणि मुंगी तिच्या बाजूनं जायचं टाळते.

सरावाला मैदानावर जायला तयार नाही. लोक हाताकडे बघतात म्हणते. मी म्हटलं, मग घरीच मार. मागच्या फरशीवर कपडे वाळत घालायचे खांब आहेत, त्यांना जाळी बांधू. तर म्हणाली, "बाबा, सिमेंटवर काठी आपटली की परत ऑपरेशन. मॅट लागेल."

म्हणजे आता मॅट शोधणं आलं. झोप गेली म्हणून समज.

४ तारीख, मंगळवार

तुला फोनवर सगळं ठीक आहे असं सांगितलं. ठीकच आहे. पण फोनवर न सांगितलेलं इथे लिहितो.

महिनाअखेरीला पात्रता फेरी आहे, तू आहेस त्याच गावी. त्यात मुंगी वरच्या क्रमांकात आली तर पुढचं वर्षभर मोठ्या स्पर्धा खेळेल. उतरलीच नाही तर यादीतून नाव जाईल. हाताच्या दुखण्यापायी मिळालेली सवलत यंदा संपते. इकडे शाळेनं खेळाच्या बाईंची जागा देऊ केली आहे. मुख्याध्यापिकांना बावीस तारखेला, शनिवारी, हो की नाही ते सांगायचं. मुंगी म्हणते, "तोवर चेंडू सरळ गेला तर खेळेन. नाही गेला तर शाळा."

मी म्हटलं, बरं. खरं सांगू? शाळा म्हटल्यावर आधी मला बरंच वाटलं. पोरगी घरी राहील, हात शाबूत राहील. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

६ तारीख, गुरुवार

खेळाच्या सामानाच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदार तरुण आहे, जिभेवर तेल लावून बसलेला.

पहिली मॅट दाखवली ती पातळ, जमिनीला हिरवा रंग दिल्यासारखी. खाली हात घातला तर दुकानाची फरशी तळव्याला लागली. "काका, हीच सगळ्यात जास्त खपते." मी म्हटलं, "खपते ते ठीक, टिकते का?" "माझ्या सासूपेक्षा जास्त टिकेल." "आणि मनगट टिकेल का?" त्यानं ती गुंडाळून ठेवली.

दुसरी जाड. आत काहीतरी लिबलिबीत भरलेलं, पाय ठेवला की टाच रुतते. मी मैदानावर हिरवळ तपासायचो तशी टाचेनं तपासली, अंगठ्यानं तपासली, मग खिशातला लाकडी टी काढला. चेंडू वर ठेवायचा खुंटा गं, माझ्या खिशात अजून एक-दोन असतातच. तो रोवायला गेलो तर दुकानदार ओरडला, "काका, फाडाल!"

"गवतात टी रोवला तर गवत फाटत नाही."

"हे गवत नाही काका, हे दुकान आहे."

माणूस हुशार आहे. जाड मॅट घेतली. जितकी मऊ तितकी बरी, हा माझा सरळ हिशेब. टेम्पोतून उतरवताना शेजारचे पोस्टातले भिंतीवरून डोकावले. "काय माळीबुवा! जन्मभर हिरवळ पिकवली आणि म्हातारपणी प्लास्टिकची विकत आणली? पाणी किती घालणार हिला?" मी म्हटलं, "तुम्ही जन्मभर लोकांची पत्रं वाटली, तुम्हाला कुणी पाठवलं का एखादं?" मग बोलायला जरा जास्तच झालं असं वाटलं. संध्याकाळी त्यांना चहाला बोलावलं.

७ तारीख, शुक्रवार

मुंगीनं आज जाळीत मोजकेच चेंडू मारले आणि काठी ठेवून दिली.

"दुखलं का?"

"नाही."

"मग?"

"बाबा, ही मॅट खोटं बोलते."

मला कळेना. तिनं मला उभं करून दाखवलं. खऱ्या जमिनीवर आधी चेंडूला काठी लागली पाहिजे, मग मातीला. आधी माती लागली तर फटका मेला. पण या मऊ मॅटवर चेंडूच्या मागे वीतभर काठी पडली तरी ती सुळकन सरकते आणि चेंडू उडतो. "मी वाईट मारते आणि ही म्हणते वा, वा! मैदानात गेल्यावर तोंडावर पडेन."

मी म्हटलं, "बोलू दे की खोटं. हात तर वाचतोय." ती काठी पुसायला लागली. मग मीच म्हटलं, "म्हणजे तुला तुझ्या आईसारखी हवी. खोटं बोलणार नाही, पण हातही मोडणार नाही." त्यावर हसली. खूप दिवसांनी हसली, तुझ्या नावावर. तुला म्हणून कळवलं.

१० तारीख, सोमवार

मॅट परत न्यायला गेलो. दुकानदारानं कपाळाला हात लावला. "काका, सून शोधताय की मॅट?"

मी म्हटलं, "सून चुकली तर मुलगा निस्तरतो. मॅट चुकली तर मनगट निस्तरतं."

आतल्या खोलीतून त्यानं तिसरी आणली. हिचे धागे आखूड, दाट आणि ताठ उभे, खाली जाड फोमचा थर. बोट दाबलं की दबतं, पण लगेच वर ढकलतं. टी न कुरकुरता उभा राहिला. मी गुडघ्यावर बसून तळहाताची कड जोरात आपटून बघितली, आधी चेंडूच्या जागी, मग मागे. मागे आपटल्यावर हात अडला. म्हणजे खोटं बोलत नाही. आणि झिणझिण्याही आल्या नाहीत. मग म्हटलं, काठी द्या, एक फटका मारून बघतो. त्यानं दिली, बिचारा. चेंडू बुटांच्या खोक्यांत गेला. खोकी पडली, बुटांच्या जोड्या फुटल्या. तो आणि मी दोघंही खाली बसून जोड्या जुळवत होतो. "काका, घेऊन जा ही, पण परत येऊ नका," म्हणाला.

वजनाला भारी आहे. मुंगीनं बजावलं, "तुम्ही उचलायची नाही. कंबर आठवते ना?" बरं म्हटलं.

११ तारीख, मंगळवार

मॅट पसंत! मुंगीनं पहिला फटका मारला आणि मान हलवली, बस, एवढंच. मला तेवढं पुरे.

जाळीच्या मध्यावर तिनं जुन्या चादरीचा चौकोनी तुकडा शिवलाय, निशाणी म्हणून. मॅटच्या कडेला बुटांची टोकं लावून उभी राहते, म्हणजे अंग निशाणीला सरळ होतं. हाताकडे मात्र फार बघते. फटका मारते, मग मनगट वळवून बघते, दाबते, परत बघते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतो. ती मला बघत नाही असं वाटतं.

१३ तारीख, गुरुवार

रोज पहाटे ती उठायच्या आत मॅट फिरवून ठेवतो. ओढून ओढून डोकं तिकडे, पाय इकडे करायचे आणि जरा सरकवायची. मैदानावर टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, हलवल्याशिवाय मी कधी चहा प्यायलो नाही, तुला ठाऊक आहे. एकाच जागेवर रोज मार बसला की गवत मरतं. या मॅटलाही एका ठिकाणी खड्डा पडला तर महिन्याभरात टाकाऊ होईल, आणि मग परत त्या दुकानदाराचं तोंड बघायचं. मुंगीला सांगत नाही, कंबरेवरून रागावेल. फिरवल्यावर लांबून बघतो. मोतीबिंदूचा डोळा झाकला की अगदी सरळ दिसते.

आज तिचे चेंडू चादरीच्या उजवीकडे जात होते. होईल नीट.

१५ तारीख, शनिवार

आज डावीकडे.

ती म्हणाली, "परवा उजवीकडे, आज डावीकडे. असं कधी होत नव्हतं माझं." मी म्हटलं, "दमली असशील." ती म्हणाली, "दमण्यासारखं केलंय काय मी? नुसतं उभं राहून मनगट सांभाळतेय."

जेवताना घास डाव्या हातानं घेत होती. मी बघितलं तसा हात बदलला.

१७ तारीख, सोमवार

व्यायामवाल्या बाई आल्या होत्या. मनगट वर, खाली, गोल फिरवून बघितलं. "उत्तम आहे. माझ्यापेक्षा चांगलं आहे." मुंगी म्हणाली, "मग चेंडू भटकतो का?" बाई म्हणाल्या, "ते मला कसं कळणार? मी हाडांची, चेंडूची नाही."

म्हणजे हात ठीक, पोरगी ठीक. राहिली कोण? मॅट! फसवलं त्या गोडबोल्यानं. आत फोम कुठे जास्त, कुठे कमी भरला असणार. परत येऊ नका म्हणाला होता तरी गेलो आणि त्याला सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, मॅट चेंडू मारत नाही. माणूस मारतो. आपल्यात म्हण आहे ना, नाचता येईना..."

"पुढे बोलू नकोस," मी म्हटलं. "माझी मुलगी नाचते तेव्हा लोक उभे राहून बघतात."

दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. घरी येऊन मुंगीला सांगितलं, मॅटच खराब आहे, बदलून घेऊ. ती म्हणाली, "नको बाबा. मॅट चांगली आहे. अंगण वाकडं म्हणायची सवय नको लागायला." आणि आत निघून गेली. दुकानदार म्हणाला तेव्हा राग आला होता. तिनं म्हटलं तेव्हा रडूच आलं.

१८ तारीख, मंगळवार

पहाटे मॅट ओढताना कंबरेत उसण भरली. कसाबसा आत येऊन पडलो. मुंगीला म्हटलं, खोकताना भरली.

१९ तारीख, बुधवार

पडूनच आहे. मुंगीनं सगळं केलं. कपडे धुतले, ते वाळत घालताना मॅट आडवी येत होती म्हणून बाजूला ओढली आणि मग परत मांडून ठेवली. हे तिनंच सांगितलं. मी म्हटलं, हात? ती म्हणाली, "पायानं ढकलली, काळजी करू नका."

दुपारी तिचे फटके ऐकत पडलो होतो. दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. जाळीत चेंडू गेला की फस्स होतं, पण चादरीवर बसला की धप्प. आज धप्प, धप्प, धप्प.

चहा घेऊन आली तेव्हा गालावर रंग होता. "बाबा, लागले!"

२० तारीख, गुरुवार

आजही धप्प, धप्प! शेजारचे पोस्टातले भिंतीपलीकडून म्हणाले, "माळीबुवा, तुमच्याकडे कुणी गादी झोडतंय का?" मी पडल्या पडल्या ओरडलो, "झोडू दे! तुमची पण आणून द्या!"

मला कारण कळलंय. मी खिडकीतून बघत नव्हतो ना! माझी नजर लागते तिला. काळजीची नजर वाईटच. आता ठरवलं, ती मारायला लागली की मी पुढच्या दारी बसायचं, मागे फिरकायचंही नाही.

कंबरेला उतार आहे.

२१ तारीख, शुक्रवार

पहाटे उठून मॅट फिरवली. राहिली होती ना मध्ये, एकाच जागी मार बसत होता. मग ठरल्याप्रमाणे पुढच्या दारी जाऊन बसलो. मागे एकदाही बघितलं नाही.

फस्स. फस्स. फस्स. नंतर आवाजच बंद झाला.

बऱ्याच वेळानं आत गेलो तर ती काठ्या पुसून पिशवीत भरत होती. एक एक काठी पुसत होती, लहान बाळाचं अंग पुसावं तशी. म्हणाली, "उद्या मुख्याध्यापिका बाईंना हो म्हणून कळवते." मी म्हटलं, "काल, परवा तर लागले होते." ती म्हणाली, "तेच तर. दोन दिवस लागतात, तिसऱ्या दिवशी जातात. ज्या हातावर रोज विश्वास ठेवता येत नाही तो घेऊन कुठे जाऊ?"

शाळा चांगली आहे. पगार वेळेवर, सुट्ट्या भरपूर. हे सगळं तिला सांगितलं. ती हो, हो म्हणत राहिली. तुझा फोन आला तेव्हा ती म्हणाली, आईला आज सांगू नका.

२२ तारीख, शनिवार

आज काय झालं ते नीट लिहितो.

पहाटे मी मॅट ओढत होतो. आता ती वापरणारच नव्हती म्हणा, पण सवय. गुडघ्यावर बसून कोपरा धरला होता, एवढ्यात मागून, "बाबा! काय करताय?"

"काही नाही. टी हलवतोय."

"काय हलवताय?"

"टी. म्हणजे मॅट. रोज एकाच जागी मार बसला की..."

"की काय?"

"मरते ना."

"मॅट मरते?"

मी कोपरा सोडला. तिच्या अंगावर शाल होती, केस विस्कटलेले. झोपलीच नव्हती बहुतेक.

"रोज हलवता?"

"रोज कुठे? कंबर धरली होती तेव्हा नाही हलवली."

तिनं मॅटकडे बघितलं, मग चादरीकडे. मग आत जाऊन पिशवीतली एक काठी आणली आणि मॅटच्या कडेला लावून ठेवली. काठीच्या मागे बसून, एक डोळा मिटून बघितलं. मला म्हणाली, "या, बघा." मी वाकून बघितलं. काठीचं टोक चादरीच्या निशाणीकडे नव्हतं. पोस्टातल्यांच्या भिंतीकडे होतं.

"मला तर सरळ दिसत होती," मी म्हटलं.

ती मॅटवर बसली. खांदे हलायला लागले. मला वाटलं हात दुखावला. बघतो तर हसत होती. डोळ्यांतून पाणी आणि तोंडानं हसू. "मी रोज मनगट दाबून बघतेय, हाड सरकलं का, हाड सरकलं का. आणि सरकत होती मॅट!"

"मला काय माहीत तू कडेवरून..."

"माझंही चुकलंच. डोळे सगळे हातावर. पायाखाली काय आहे ते बघितलंच नाही." मग डोळे पुसत म्हणाली, "लोकांना नाचता येत नाही म्हणून ते अंगण वाकडं म्हणतात. आमचं अंगण खरंच वाकडं. आणि वाकडं करतंय कोण, तर आमचे बाबा, पहाटे उठून!"

मीही हसलो. हसायचं की नाही ते कळत नव्हतं, पण ती हसत होती म्हणून हसलो. मग एकदम थांबून तिनं विचारलं, "बाबा, खरं सांगा. मी जाऊ नये असं वाटतं का तुम्हाला?"

मी मॅटचे धागे हातानं उभे करत बसलो. तू असतीस तर माझ्या वतीनं उत्तर दिलं असतंस. शेवटी म्हटलं, "तुला दुखू नये एवढंच वाटतं."

"आणि खेळावं असं?"

"तेही वाटतं."

"दोन्ही नाही होत बाबा."

"ते मला कळतं. पण वाटतं त्याला काय करू?"

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. दुखऱ्या मनगटाचा हात. मग उठली. मला वाटलं मॅट सरळ करेल. नाही केली. तशीच वाकडी ठेवून तिच्यावर उभी राहिली. या वेळी पाय कडेला लावले नाहीत, नुसतं चादरीकडे बघितलं, पाय हलवून घेतले आणि मारलं. धप्प. मग पायानं ढकलून मॅट आणखी वाकडी केली. धप्प. अजून वाकडी. फस्स. "हे माझं चुकलं," म्हणाली, आणि परत मारलं. धप्प.

मनगटाकडे बघायची विसरली. मी आठवण करणार होतो, पण तोंड मिटलं.

"बाबा, उद्यापासून हवी तशी वाकडी टाकून ठेवा. मला सांगू नका कुठे तोंड आहे ते. मैदानात पायाखाली कुठे कड असते?"

माझं मन राखायला म्हणाली, कळतं मला. लहानपणापासून तशीच आहे.

दुपारी माझ्यासमोर मुख्याध्यापिका बाईंना फोन केला. "नाही बाई, यंदा नाही जमणार. खेळायला जातेय." ठेवला फोन. मी मागे जाऊन मॅट दोनदा झाडली. आनंदानं माणूस मॅट झाडतो का गं?

२५ तारीख, मंगळवार

मुद्दाम वाकडी टाकणं मला जमत नाही. जन्मभर सरळ करायची सवय, हात ऐकत नाही. आज खूप विचार करून तिरकी टाकली तर मुंगी बघून म्हणाली, "बाबा, आज काय झालं? अगदी सरळ आली." दोघंही पोट धरून हसलो. पोस्टातले भिंतीवरून म्हणाले, "काय जिंकलात?" मुंगी म्हणाली, "अजून काही नाही काका, अजून काही नाही!"

दुकानात जाऊन आलो. त्याला म्हटलं, "तुझी मॅट चांगली आहे. मीच गाढव." तो घाबरला. "काका, परत करायची आहे का?"

२९ तारीख, शनिवार

मुंगी आज बसनं निघाली. पिशवी मला उचलू दिली नाही. मी म्हटलं, मुंगीच आहेस अजून, तर म्हणाली, आता पिशवी लहान झालीये.

मी का आलो नाही ते तुला माहीत आहे. मी कडेला उभा राहिलो की तिच्या प्रत्येक फटक्याला माझा श्वास अडकतो आणि तिला तो ऐकू येतो. तिनं विचारलं होतं, येता का? मी कंबरेचं कारण सांगितलं. ती म्हणाली, बरं. तिला कळलं असणार.

घरात आता मी एकटा. एक कप चहा करायला दोन कपांचं पाणी ठेवलं.

३१ तारीख, सोमवार

आज फेरी. बहिणीला शेजारणीवर सोपवून तू बघायला जाणार असं ठरलंय. मी फोन करायचा नाही, तुम्ही करायचा, असंही ठरलंय. ठरवलं कुणी? तुम्ही दोघींनी. मी हो म्हटलं, कारण त्या वेळी शहाणा होतो.

सकाळपासून फोनजवळ बसलोय. मध्ये एकदा वाजला. पोस्टातल्यांचा होता, भिंतीपलीकडून. "लागला का निकाल?" मी म्हटलं, "फोन ठेवा आधी, लाईन अडवू नका!" आता त्यांचीही माफी मागायला लागेल.

इतक्यात ती पहिल्या टीला उभी राहिली असेल. तिथला माळी कसा आहे कुणास ठाऊक. गवत फार आखूड कापलं असेल का? दवानं ओलं असेल का? खाली कुठे दगड तर नसेल ना?

कितवी आली ते सावकाश सांगा, संध्याकाळी सांगितलंत तरी चालेल. नाव यादीत राहिलं तरी माझीच मुलगी, गेलं तरी माझीच. मला एवढंच हवंय. पहिला फटका मारल्यावर ती हाताकडे बघत राहिली, की मान वर करून चेंडूमागे बघत चालायला लागली? तू कडेला उभी आहेस, तुझे डोळे माझ्यासारखे नाहीत, तुला दिसलं असेल. तेवढं आधी कळव. सगळं संपायची वाट बघू नकोस गं, जमेल तिथून, मिळेल त्याच्या फोनवरून, लवकर कळव.